मल्हाररावांची अटक : चित्रात कोण आहे, कोण नाही?

दर्यापूरच्या आमच्या अभ्यासवर्गात एका पोराने मोबाईलवर जुने चित्र दाखवले. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचा खटला, १८७५. खाली कुणीतरी लिहिलेले : 'इंग्रजांना नडलेला राजा'. पोराचा प्रश्न साधा होता, हे आपण पुढे पाठवायचे का?

आम्ही म्हणालो, आधी वाचू.

९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट कर्नल फेअर याच्या पपनसाच्या सरबतात विष निघाले. जानेवारीत मल्हाररावांना अटक झाली. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी : शिंदे सरकार, जयपूरचे महाराज, सर दिनकरराव. इंग्रजांनी दोषी ठरवले, हिंदी सदस्यांनी नाही. तीन विरुद्ध तीन! तरी एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत करून मद्रासला पाठवले. कारण दिले गैरकारभाराचे. विषाचा आरोप सिद्ध होत नाही म्हटल्यावर दुसरे कारण पुढे करायचे, ही साम्राज्याची लबाडीच होती. पुण्याची सार्वजनिक सभा चिडली ते उगीच नाही.

पण गैरकारभारही खोटा नव्हता. रयत सारा भरत होती आणि महाराज सोन्याच्या तोफा घडवून घेत होते. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांनी खटल्याची चित्रे छापली. राजा, न्यायाधीश, बॅरिस्टर यांचे हे चित्र. सारा भरणारा त्यात कुठे आहे? गरीब माणूस या खटल्यात आला तो साक्षीदार म्हणून : रेसिडेन्सीतला हवालदार रावजी, माफीचे आश्वासन घेऊन बोलणारा, आणि आया अमिना. बॅलंटाइन वकिलाने त्यांची उलटतपासणी घेतली. राजांच्या भांडणात नोकरच भरडला जातो.

त्याच रिकाम्या गादीवर कवळाण्याचा शेतकऱ्याघरचा गोपाळराव बसला, सयाजीराव झाला. १९१३ ला बाबासाहेब कोलंबियाला गेले ते त्यांच्याच शिष्यवृत्तीवर. म्हणून काही पोरे म्हणतात, अटक झाली ते बरेच झाले. हे आम्हाला पटत नाही. १९१७ ला त्याच बडोद्यात नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. राजा चांगला असला तरी कचेरीतला शिपाई फाइल लांबूनच फेकत होता.

चित्र पाठवा, पण खालची ओळ बदलून. आणि १३ नोव्हेंबर १९२७ ला बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेला आले होते. त्या काळचा फोटो, पत्रक, काहीही घरात असेल तर रविवारी घेऊन या.