मीठ, अळणी आणि आगर

पेण-उरणच्या खारेपाटात ज्या खनिजावर पिढ्या जगल्या, त्याच्या मराठी नावाचे मूळ संस्कृत ‘मृष्ट’ किंवा ‘मिष्ट’ या शब्दात आहे. त्याचे प्राकृत ‘मिट्ठ’ आणि पुढे ‘मीठ’ झाले. हिंदीत ‘मीठा’ गोडाकडे गेला, गुजरातीत ‘मीठुं’ दोन्हीकडे राहिला. खाऱ्याला मुद्दाम गोड म्हटले, हे स्पष्टीकरण आम्हांस पटत नाही. ‘मृष्ट’ म्हणजे रुचकरही. अन्नाला रुची आणते ते मीठ, इतके ते सरळ असावे. जुना ‘लवण’ मात्र हद्दपार झाला नाही. तो लोणच्यात मुरला, आणि बिनमिठाच्या जेवणाला आपण आजही ‘अळणी’, म्हणजे ‘अलवण’च, म्हणतो.

‘आगर’चे मूळ ‘आकर’, म्हणजे खाण. भरतीचे पाणी कोंडून उन्हात आटवायचे, यात खणणे कुठले? तरीही शब्द रुजला. याच किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागेलाही आगरच म्हणतात. आगरी समाजाचे नाव मिठागरांवरून आले असे मानतात. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, उरणची बरीच मिठागरे भरावाखाली गेली. ‘आगरी’चा अर्थ आता वर्गात फळ्यावर लिहून द्यावा लागतो.