बडोदा संस्थानातील ग्रंथालये आणि निरक्षर प्रेक्षक

सार्वजनिक ग्रंथालयांच्या लोकाभिमुख उपक्रमांची चर्चा अमेरिकेपासून सुरू होते. बडोद्याच्या बाबतीत त्यास आधारही आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तृतीय) यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. १९१३ पर्यंत त्यांनी येथील ग्रंथालय-व्यवस्थेची उभारणी केली. तथापि हे निव्वळ अनुकरण होते, हे मत स्वीकारता येत नाही.

संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते. शाळा सुटल्यावर अक्षरओळख पुसली जाऊ नये, हा ग्रंथालयांमागील एक हेतू. परंतु ज्या प्रौढांनी शाळाच पाहिली नाही, त्यांचे काय? बडोद्याचे उत्तर लक्षणीय आहे. ग्रंथालय खात्यातच दृक्-शिक्षणाची शाखा होती. जादूचा कंदील व चलच्चित्रे यांचे खेळ ती दाखवीत असे. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी खेळांसह स्वतंत्र दालन होते. फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत जात, हे तर सुपरिचितच आहे.

ग्रंथालय-इतिहासाचे लेखन बहुधा ग्रंथसंख्येपाशी थांबते. प्रेक्षक त्यातून वगळला जातो. वस्तुतः खेडेगावातील ग्रंथालयाचा खर्च सरकार, पंचायत व ग्रामस्थ यांनी समान वाटून घ्यावा, अशी योजना होती. वर्गणी देणाऱ्या ग्रामस्थांत निरक्षरही असणारच. कंदिलाच्या खेळाला आलेला शेतकरी म्हणूनच ग्रंथालयाचा पाहुणा नव्हे, भागधारक ठरतो.