मुंबई मनपा शाळेतल्या शिक्षकांचा पगार कसा ठरतो?

मुलीने उर्दू माध्यमातून डी.एड. केलं, टीईटीही पास झाली. आता घरात प्रश्न येतो, मनपाच्या भरतीची वाट बघायची की जवळच्या शाळेत मिळेल त्या पगारावर लागायचं? पगाराचा हिशोब नीट माहीत नसल्याने अनेक घरांत हा निर्णय ऐकीव गोष्टींवर होतो. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

सर्वात आधी एक गैरसमज दूर करूया. बृहन्मुंबई महानगरपालिका मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. पगार माध्यमावर ठरत नाही. पद, पात्रता आणि सेवेची वर्षं यांवर ठरतो. उर्दू शाळेतल्या आपाचा आणि मराठी शाळेतल्या बाईंचा वेतनस्तर एकच असतो.

पहिली तीन वर्षं

पवित्र पोर्टलमधून निवड झालेला उमेदवार आधी 'शिक्षण सेवक' म्हणून लागतो. या तीन वर्षांत पगार नाही, ठराविक मानधन मिळतं. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकसाठी ते ३,००० रुपये होतं. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. मुंबईत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला हा काळ जड जातो. त्याची तयारी आधीच ठेवावी.

त्यानंतरचा पगार

तीन वर्षं समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी लागू होते. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचा स्तर एस-१० आहे, म्हणजे मूळ वेतन २९,२०० पासून ९२,३०० पर्यंत. माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचा एस-१४, म्हणजे ३८,६०० पासून. दरवर्षी साधारण ३ टक्के वेतनवाढ मिळते, त्यामुळे २९,२०० चे पुढच्या वर्षी ३०,१०० होतात.

मूळ वेतनावर महागाई भत्ता (डीए) आणि घरभाडे भत्ता मिळतो. उदाहरणापुरता डीए ५० टक्के आणि घरभाडे ३० टक्के धरलं, तर २९,२०० + १४,६०० + ८,७६० मिळून ५२,५६० रुपये होतात. डीएचा दर बदलत असतो, म्हणून चालू दर बघूनच हिशोब करावा. यातून व्यवसाय कर, पेन्शनचा हप्ता वगैरे कापून उरलेली रक्कम हातात येते.

बढती मिळाली नाही तरी १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी मिळू शकते. त्यासाठी ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. हे प्रशिक्षण राहून गेलं तर वाढही अडकते.

पेन्शन

जुनी पेन्शन नव्या शिक्षकांना नाही. त्यांच्या वेतनातून दरमहा हिस्सा कापला जातो, मालक म्हणून प्रशासनही आपला हिस्सा भरतं. ही रक्कम खात्यात वेळेवर जमा होते का, हे प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी तपासावं.

संस्थेच्या शाळेत लागताना

आपल्या समाजाच्या अनेक शाळा ट्रस्टच्या आहेत. तिथे नेमणूक संस्था करते, पण पद मंजूर आणि अनुदानित असेल तर पगार सरकारी अनुदानातून येतो आणि स्तर वर सांगितल्याप्रमाणेच असतो. मात्र शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी मिळेपर्यंत तो सुरू होत नाही. म्हणून होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा: पद अनुदानित आहे का? ते मंजूर आहे का? मान्यतेचा प्रस्ताव कधी जाणार? उत्तरं तोंडी घेऊ नका, लेखी मागा. "नंतर अनुदान येईल" या शब्दावर कित्येक जणींची ऐन उमेदीची वर्षं निघून जातात.

टीईटी

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी आवश्यक ठरवली. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. मनपाची उर्दू शाळा ही अल्पसंख्याक संस्था नाही, ती मनपाची शाळा आहे. त्यामुळे ती सवलत आपल्याला आहे असं तिथल्या शिक्षकांनी धरून चालू नये.

मुलीच्या शिक्षणावर घराने वर्षानुवर्षं खर्च केलेला असतो. नेमणूकपत्रावर सही करण्याआधी एक दिवस हा हिशोब मांडायला द्यावा, एवढीच आमची विनंती.