पाण्याचें विरजण

काचेच्या कुंडांत स्वच्छ पाणी भरलें, तळाशीं वाळू पसरली, दोन पाणवनस्पति रोवल्या आणि त्यांत एखादा जलचर आणून सोडला, म्हणजे घरच्या मंडळींस सारी सिद्धता झाली असें वाटतें. पाणी आरशासारखें निर्मळ असतें. आठवडा लोटतो न लोटतो तोंच तो प्राणी खाण्याकडे पाठ फिरवितो, त्याच्या कल्ल्यांचीं पिसें निस्तेज होतात आणि त्यांचीं टोकें पुढच्या बाजूस वळूं लागतात. पाणी मात्र पूर्वीइतकेंच निर्मळ दिसतें. मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल हौसेनें पाळणाऱ्या कितीतरी घरांनीं हा अनुभव घेतला आहे. प्राणी प्रथम घरांत येतो आणि पाण्याची माहिती मागाहून, असा हा उलटा क्रम! निर्मळ दिसणारें पाणी प्राणघातक कां ठरतें, हें उमगण्यास शास्त्रज्ञांनाही बराच काळ लागला. आणि त्या शोधाचा एक धागा एका बापलेकांच्या आयुष्यांतून गेलेला आहे.

बापाचें नांव रॉबर्ट वॉरिंग्टन. हे लंडनच्या अ‍ॅपॉथेकरीज हॉलमध्यें रसायनशास्त्रज्ञ होते. १८४९ सालीं त्यांनीं सुमारें बारा गॅलनांच्या एका कुंडांत दोन लहान सोनेरी मासे सोडले आणि जोडीला व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति लावली. मासे श्वासावाटे जो कर्बवायु टाकतात तो वनस्पतीनें घ्यावा व मोबदल्यांत प्राणवायु द्यावा, अशी ही योजना. कांहीं काळ हिशेब जुळला. पुढें वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, काचेवर बुळबुळीत थर चढला. तेव्हां वॉरिंग्टन यांनीं तळ्यांतल्या पांच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकी पानें फस्त केलीं, आणि वर त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून मिळालीं. १८५० सालीं हा वृत्तांत केमिकल सोसायटीच्या त्रैमासिकांत छापला गेला. तीन वर्षांनीं लंडनच्या रीजंट्स पार्कांतील प्राणिसंग्रहालयानें लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि इंग्लंडांतील दिवाणखान्यांना काचकुंडाचें वेडच लागलें.

वॉरिंग्टन यांच्या हिशेबाच्या वहींत वायूंची जमाखर्च नीट मांडलेली होती. परंतु प्राण्याच्या देहांतून रात्रंदिवस पाण्यांत उतरणाऱ्या अमोनियाचें खातें त्यांत उघडलेलेंच नव्हतें. मासा काय किंवा अ‍ॅक्सोलॉटल काय, खाल्लेल्या प्रथिनांतील नको असलेला नत्रांश बहुतांशीं अमोनियाच्या रूपानें टाकतो. अमोनियाला रंग नाहीं. आणि घातक ठरण्यास तो इतका थोडा पुरतो कीं, नाकालाही त्याचा पत्ता लागत नाहीं. बारा गॅलनांत दोन लहान मासे असतील तर वनस्पति आणि वेळ मिळून तो निस्तरला जातो. वीतभर लांबीचा मांसाहारी प्राणी असेल तर गोष्ट वेगळी.

असा प्राणी युरोपांत मोठ्या संख्येनें आला तो याच सुमारास. अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडर कुळांतला. परंतु त्याचे भाऊबंद बाल्यावस्था संपतांच कल्ले टाकून जमिनीवर येतात, तर हा पिसांसारखे कल्ले मिरवीत जन्मभर पाण्यांतच राहतो आणि त्याच अवस्थेंत प्रजा निर्माण करतो. फ्रेंच फौजा मेक्सिकोंत असतांना चौतीस अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला रवाना झाले. त्यांपैकीं सहा, म्हणजे पांच नर व एक मादी, १८६४ च्या जानेवारींत ऑग्यूस्त द्यूमेरिल यांच्या स्वाधीन झाले. पुढील जानेवारींत त्या एकट्या मादीनें अंडीं घातलीं. त्या वर्षाच्या शरदांत पिल्लांपैकीं कांहींनीं आपले कल्ले टाकले आणि सॅलॅमँडराचें रूप घेतलें, तेव्हां साऱ्या प्राणिशास्त्रज्ञांत खळबळ उडाली. द्यूमेरिल यांनीं ही प्रजा युरोपभर मुक्त हस्तानें वांटली. आजच्या पाळीव अ‍ॅक्सोलॉटलांपैकीं बहुतेकांचें मूळ त्या पॅरिसच्या कुंडांत आहे. विद्वानांचें लक्ष मात्र त्या प्राण्याच्या कायापालटावर खिळलें होतें. त्याच्या पाण्याचें गूढ उकललें तें अगदी दुसऱ्याच ठिकाणीं, मोरीच्या सांडपाण्यांत!

अमोनियापासून जमिनींत सोरा बनतो, हें पूर्वापार ठाऊक होतें. बिहारांतील लोणिया लोक गांवांतल्या जुन्या भिंतीकडेची माती धुऊन सोरा काढीत, आणि तो जहाजांतून युरोपच्या बंदुकीच्या दारूसाठीं जाई. हें रूपांतर शुद्ध रासायनिक आहे, अशी समजूत होती. १८७७ सालीं श्लोझिंग आणि म्यूंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व खडू भरलेल्या एका लांब नळींतून मोरीचें पाणी हळूहळू झिरपत ठेवलें. वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. अमोनिया जसा वरून जाई तसाच खालून येई. विसाव्या दिवसानंतर सोरा दिसूं लागला, वाढत गेला, आणि अखेर अमोनिया नाहींसा झाला. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच क्रिया बंद पडली. पुढें बागेंतल्या मातीचें थोडें धुवण ओततांच ती पुन्हां सुरू झाली. क्लोरोफॉर्मनें बेशुद्ध पडणारी वस्तु सजीवच असली पाहिजे! त्या नळींत सूक्ष्म जंतूंची वसाहत वसली होती, आणि ती वसण्यासच ते वीस दिवस लागले होते.

आतां मुलाची पाळी. त्याचें नांवही रॉबर्ट वॉरिंग्टनच. हे रॉथम्स्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत काम करीत. फ्रेंचांचा प्रयोग त्यांनीं पडताळून पाहिला आणि वर्षानुवर्षें त्याचा पिच्छा पुरविला. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं पात्रांतील जंतु अमोनियाचें फक्त नायट्राइट करून थांबतात, तर दुसरे नायट्राइटचें नायट्रेट करतात. म्हणजे काम दोन पायऱ्यांचें आणि कामकरी दोन प्रकारचे. ते जंतु वेगळे काढण्याचें यश मात्र त्यांस लाभलें नाहीं. तें सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें झुरिक येथें १८९० च्या सुमारास मिळविलें. हे जंतु जिलेटिनसारख्या पौष्टिक थरावर वाढत नाहींत, हें ओळखून त्यांनीं तें अन्नच काढून टाकलें. पित्याच्या कुंडांत जे जंतु न बोलावतां कामास लागले असले पाहिजेत, त्यांचा माग मुलानें शेताच्या मातींत काढला. पिता तोंवर, १८६७ सालीं, निवर्तले होते. दोन पायऱ्यांच्या या नियमालाही पुढें अपवाद निघाला. दोन्ही कामें एकहातीं उरकणारा जंतु २०१५ सालीं सांपडला, आणि त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या गाळणींतूनच मिळालेला होता.

नव्या कुंडांत ही वसाहत वसविण्याच्या क्रियेस हौशी मंडळी ‘सायकल’ म्हणतात. दुचाकीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. मराठींत कुंड ‘मुरविणें’ हा शब्द अधिक शोभेल, कारण लोणच्याप्रमाणेंच येथेंही घाई चालत नाहीं. चार ते आठ आठवडे सहज जातात. रीतीप्रमाणें हें काम रिकाम्या कुंडांत, बाहेरून अमोनिया घालून उरकावें आणि मग प्राणी आणावा. प्राणी आधींच आंत असेल, तर अमोनिया पुरविणाराही तोच आणि तो भोगणाराही तोच. अमोनिया उतरूं लागला कीं नायट्राइट चढतें, आणि तें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेतें. त्यांत अ‍ॅक्सोलॉटलाला सोळा ते अठरा अंश सेल्सिअस इतकें थंड पाणी मानवतें. मुंबईच्या उन्हाळ्यांत तें राखण्यास यंत्रच हवें. जंतूंना मात्र ऊब हवी असते. म्हणून थंड कुंड अधिकच सावकाश मुरतें.

अशा वेळीं सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे प्राण्यास साध्या टबांत हलवून त्याचें सर्व पाणी रोज बदलावें, आणि कुंड स्वतंत्रपणें मुरूं द्यावें. तें शक्य नसल्यास रोज अमोनिया व नायट्राइट तपासून कुंडांतील चौथा हिस्सा, प्रसंगीं निम्मेंही पाणी बदलावें, आणि उरलेलें खाद्य लागलीच काढावें. नव्या पाण्याचें तापमान जुन्याइतकें असावें, आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटनें, म्हणजे छायाचित्रकारांच्या हायपोनें, आधीं मारावा. पाण्याचा पीएच सातावरून आठावर गेला, तर अमोनियाचा विषारी अंश सुमारें दसपट होतो, हेंही विसरून चालत नाहीं.

काळ कमी करण्याचा खरा उपाय एकच, आणि तो घरोघरच्या गृहिणींस ठाऊक आहे: विरजण. एखाद्या निरोगी, मुरलेल्या कुंडाच्या गाळणींतला स्पंज नव्या गाळणींत ठेवला, म्हणजे वसाहतच उचलून आणल्यासारखें होतें. बागेंतल्या मातीचें धुवण ओतणाऱ्या त्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दुसरें काय केलें होतें?

हा सारा खटाटोप ज्या प्राण्यासाठीं, त्याचें मूळ घर मेक्सिको शहराच्या दक्षिणेचे शोचिमिल्को येथील कालवे. तेथें १९९८ च्या पाहणींत दर चौरस किलोमीटरला सुमारें सहा हजार अ‍ॅक्सोलॉटल असल्याचा अंदाज होता. २०१४ च्या पाहणींत तो छत्तीसवर आला. शहराचें सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे हीं त्याचीं मुख्य कारणें. काचेमागें मात्र द्यूमेरिल यांच्या त्या सहांचे वंशज जगभर नांदत आहेत.

त्या काचेमागें एके दिवशीं परीक्षानळींत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि केवळ नायट्रेट दिसतें. तोंवर गाळणीच्या स्पंजावर तपकिरी, चिकट थर बसलेला असतो. नवख्या घरांत कोणीतरी सुगरण किंवा सुगृहस्थ तो थर पाहून नाक मुरडतो आणि नळाच्या धारेखालीं स्पंज लख्ख धुऊन ठेवतो. दुसऱ्या आठवड्यांत अमोनिया पुन्हां चढूं लागतो. जाणते लोक तो स्पंज कुंडांतून काढलेल्या पाण्याच्याच बादलींत दोनदां पिळतात आणि तसाच परत ठेवतात.