न्हाणीतला विस्तव

गीझर हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मूळचा एका झऱ्याचे नाव आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आइसलँडमध्ये 'गेसिर' नावाचा गरम पाण्याचा झरा आहे, जमिनीतून उकळते पाणी उंच उडवणारा. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगकाम करणाऱ्या माणसाने १८६८ साली वायूवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हेच नाव दिले. यंत्र चालले. पण जळलेला वायू घराबाहेर नेणारी नळी त्याला नव्हती. या यंत्राचा पुढचा सगळा इतिहास मला त्या नसलेल्या नळीचा इतिहास वाटतो.

मी सरकारी कारकून, त्यातून कला शाखेचा. विज्ञानाशी संबंध शाळेपुरताच. तरी या विषयाने मला धरून ठेवले, कारण पाणी तापवण्याची आमची जुनी रीत मी पाहिलेली आहे. गोव्यातल्या न्हाणीत भाण असायचे. तांब्याचे, पोटाला रुंद, चुलीवर कायमचे बसवलेले. खाली सोडणां, करवंट्या, सुकी चुडतां. धुराने डोळे चुरचुरत, भिंती काळ्या होत. पण न्हाणीची भिंत वर कौलांपर्यंत क्वचितच पोचायची आणि धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. घाटावरचा बंब आणखी हुशार. त्याच्या पोटातून उभी नळी जाते, नळीत निखारे आणि भोवती पाणी. धूर वर, उष्णता पाण्यात. आजच्या गॅस गीझरचे तत्त्व यापेक्षा फार वेगळे नाही.

मॉननंतर दोन नावे महत्त्वाची. १८८९ च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड या मूळच्या नॉर्वेच्या इंजिनिअरने आपोआप चालणारा, पाणी साठवणारा हीटर बनवला. १८९५ मध्ये जर्मनीतल्या देसाऊ गावी ह्यूगो युंकर्सने वायूच्या उपकरणांचा कारखाना काढला. (हाच युंकर्स पुढे विमाने बनवू लागला. १९१५ चे त्याचे संपूर्ण धातूचे विमान प्रसिद्ध आहे. न्हाणीघरातून आकाशात!) युंकर्सचा हा धंदा १९३२ मध्ये बॉशकडे गेला. १९७७ मध्ये पोर्तुगालात आवैरूजवळ 'वुल्कानु' ही कंपनी बॉशच्या परवान्याने असेच हीटर बनवू लागली. पोर्तुगीजमध्ये त्याला 'एश्केंतादोर' म्हणतात. लिस्बनला ज्यांची मुले आहेत त्यांनी हा शब्द फोनवर ऐकला असेल.

गीझरच्या आत काय असते ते मी पाहिले कडोदऱ्याला. सुरतेहून बारडोलीला जाताना मुंबई–अहमदाबाद महामार्ग ओलांडावा लागतो, ते हे गाव. कापड रंगवणाऱ्या गिरण्यांचा पट्टा. तिथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात खान्देशातला कारागीर बसला होता. मराठी ऐकून खुलला आणि खोललेला गीझर पुढ्यात सरकवून म्हणाला, "बघा भाऊ, यात लपवण्यासारखं काही नाही."

तांब्याच्या पत्र्याची चौकोनी पेटी, तिच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची नळी आणि वरच्या अंगाला पातळ पत्र्यांची दाट रांग. या पत्र्या ज्वालेची उष्णता नळीतल्या पाण्याला देतात. खाली बर्नर. बाजूला ओतीव धातूची झडप, आणि तिच्यात रबराचा पडदा. नळ सोडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने पडदा सरकतो, तो एक दांडी ढकलतो आणि मग वायूची वाट उघडते. पाणी थांबले की वायू बंद. मला तर त्या पडद्याचेच सर्वांत कौतुक वाटले.

कारखान्यात हे भाग जोडले की गळतीची परीक्षा होते, आणि ती वायूने नाही, हवेने. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर वायू फक्त ३० मिलिबार दाबाने सोडतो, म्हणजे साधारण एक फूट पाण्याच्या उंचीएवढा दाब. झडप आणि नळ्यांत त्याच्या कितीतरी पट दाबाची हवा भरून तोंड बंद करतात आणि काटा खाली येतो का ते बघतात. किंवा भाग पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतात. सांध्यांवर साबणाचे पाणी. मग बर्नर पेटवून ज्वाला निळी आहे का, ती विझवली तर वायू आपोआप तुटतो का, हेही पाहतात. आपल्याकडे सिलिंडरच्या वायूवर चालणाऱ्या छोट्या गीझरसाठी आयएस १५५५८ हे मानक २००५ साली आले.

वायूला वास का असतो, त्यालाही इतिहास आहे. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या तळघरात साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुले. त्या वायूला वास नव्हता, म्हणून कुणाला कळले नाही. त्यानंतर वायूत मर्कॅप्टन हे घाण वासाचे द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरला येणारा कुबट वास तोच.

मी हे सांगितल्यावर कारागीर म्हणाला, "वास आला तर माणसं धावत येतात, भाऊ. माझ्याकडे येतो तो गीझर गळत नसतो. तो बंद खोलीत नीट जळत असतो."

हीच गोष्ट गळतीची कोणतीही परीक्षा पकडू शकत नाही. हिशेब करून पाहा. एक किलो वायू जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण चालवला तर तासाला साधारण एक किलो वायू खातो. फ्लॅटमधली न्हाणीघरे ५ फूट बाय ७ फूट, उंची ८, म्हणजे जेमतेम ८ घनमीटर. दहा मिनिटांच्या आंघोळीत खोलीतल्या चौथाई हवेतला प्राणवायू संपला. प्राणवायू कमी पडला की वायू अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मर्कॅप्टन तर ज्वालेत आधीच जळून गेलेले असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, पाय लुळे पडतात, आणि कडी आतून लावलेली असते. पेपरात 'बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू' अशी बातमी येते तेव्हा 'गॅसगळती' असे सरसकट छापतात. पुष्कळदा गळती झालेलीच नसते.

आमच्या न्हाणीतही कार्बन मोनॉक्साइड होताच, चुलीत लाकूड कधी पूर्ण जळते? पण वर फटी होत्या. आता स्लॅब आला, गुळगुळीत टाइल्स आल्या, सरकत्या काचा आल्या, आणि पावसाळ्यात त्या घट्ट बंद. जुनी न्हाणी पुन्हा बांधा असे मी म्हणत नाही, काळ्या भिंती कुणाला हव्यात? मात्र गीझर न्हाणीघराबाहेर उघड्या हवेत लावून फक्त गरम पाण्याची नळी आत आणणे यात अवघड काही नाही. आत लावायचाच तर धुराची नळी भिंतीपार हवी आणि ताजी हवा आत यायला झरोका हवा, तोही बंद न होणारा.

आता उत्तर गोव्यात काही घरांत नळाने नैसर्गिक वायू आला आहे. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. नळाचा हलका, तो छताकडे जातो. त्याचा दाबही वेगळा, २१ मिलिबार. त्यामुळे सिलिंडरसाठी बनवलेला गीझर तसाच या नळाला जोडता येत नाही. बर्नरची जेट बदलावी लागतात, आणि बदलल्यावर साबणाच्या पाण्याची ती परीक्षा घरातच पुन्हा करावी लागते.