मोटरहोमचे मंद दिवे : दोष बल्बचा कमी, वायरिंगचा अधिक

प्रतिनिधी

चाकांवरचे घर, म्हणजेच मोटरहोम किंवा कॅराव्हॅन, ही महाराष्ट्रातील पर्यटकांसाठी आता केवळ परदेशी चित्रपटांत दिसणारी वस्तू राहिलेली नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. मिनिबसच्या चासीवर बांधलेली अशी वाहने कोकण किनारा, सह्याद्रीतील घाट आणि विदर्भातील अभयारण्यांच्या वाटेवर दिसू लागली आहेत. आतील बिछाने, शेगडी, शीतकपाट आणि पाण्याची टाकी यांची चौकशी ग्राहक बारकाईने करतात. समोरच्या दिव्यांची चौकशी मात्र पहिल्या रात्रीच्या प्रवासानंतरच सुरू होते. 'दिवे लागतात, पण रस्ता दिसत नाही', ही जुन्या आणि पुनर्बांधणी केलेल्या वाहनांबाबतची नेहमीची तक्रार असते. नवे बल्ब बसवूनही ती बहुधा दूर होत नाही, कारण मूळ दोष अनेकदा बल्बच्या मागे, वायरिंगमध्ये असतो.

दिसण्याचे आणि थांबण्याचे गणित

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच ३३ मीटर संपतात. भरलेल्या मोटरहोमला कोरड्या रस्त्यावर थांबण्यासाठी त्यापुढे साधारण ५० मीटर लागू शकतात. म्हणजे एकूण गरज ८० मीटरच्या पुढची. डिपरवर चांगल्या स्थितीतील हॅलोजन दिव्यांतही गडद रंगाची, परावर्तक नसलेली वस्तू ५० ते ७० मीटरपलीकडे नीट दिसत नाही. दिवे मंद असतील तर हे अंतर आणखी आकसते.

पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू झाला की या गणिताला प्रत्यक्ष अर्थ येतो. मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर कारखान्यांकडे जात असतात. अशी ट्रॉली दिसेपर्यंत थांबण्याचे अंतर संपलेले असेल, तर चालकाचे कौशल्य उपयोगी पडत नाही. म्हणूनच समोरचे दिवे हा सजावटीचा नव्हे, तर ब्रेकइतकाच सुरक्षिततेचा भाग मानला पाहिजे.

व्होल्टेज थोडे, नुकसान मोठे

हॅलोजन बल्बमधील तंतू तापून प्रकाश देतो. त्याला मिळणारे व्होल्टेज कमी झाले की प्रकाश त्याच प्रमाणात कमी होत नाही, तर कितीतरी अधिक वेगाने घटतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले तर प्रकाश जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. आपल्याकडे सर्वाधिक प्रचलित असलेल्या ६०/५५ वॅटच्या एच४ बल्बचे उदाहरण घेता येईल. १३.२ व्होल्ट मिळाल्यास हा बल्ब डिपरवर सुमारे १००० ल्युमेन प्रकाश देतो. ११.९ व्होल्टवर तो ७०० च्या आसपास येतो आणि ११ व्होल्टवर जेमतेम साडेपाचशे उरतो. बल्ब नवा आणि नामांकित असला, तरी अपुऱ्या व्होल्टेजवर तो पिवळटच दिसणार.

हे व्होल्टेज जाते कुठे? बहुतेक जुन्या वाहनांत बॅटरीतून निघालेला दिव्यांचा संपूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरील स्विचपर्यंत, तेथून अप्पर-डिपरच्या दांडीपर्यंत आणि मग पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत जातो. दोन ५५ वॅटच्या बल्बना मिळून सुमारे ९ ते १० अँपिअर प्रवाह लागतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने हा प्रवाह सहा मीटर वाहून नेला, तर केवळ तारेतच एक व्होल्टच्या आसपास नष्ट होतो. स्विचचे झिजलेले संपर्क, काळवंडलेले होल्डर आणि सैल जोड यांची भर पडली की तूट दीड-दोन व्होल्टवर जाते.

मोटरहोममध्येच हा त्रास अधिक का?

याची तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे, बॉडी बांधताना मूळ वायरिंग तोडून लांबवलेले असते. नुसते पीळ देऊन टेपने गुंडाळलेले जोड पावसाळ्यात गंजतात आणि रोध वाढवतात. दुसरे कारण अर्थिंगचे. पत्र्याच्या वाहनात बल्बचा परतीचा प्रवाह बॉडीतून बॅटरीकडे जातो. समोरचा भाग फायबरचा असेल तर हा मार्ग नसतो आणि स्वतंत्र तार द्यावी लागते. ती बारीक असेल किंवा रंग लावलेल्या पृष्ठभागावर कसलेली असेल, तर दिवा मंदावतो. तिसरे कारण म्हणजे घरगुती उपकरणांचा भार. वाहन चालू असताना आल्टरनेटर इंजिनच्या बॅटरीसह आतील दुसऱ्या बॅटरीलाही चार्ज करतो आणि शीतकपाटही त्यावरच चालू असते. दुसरी बॅटरी पार उतरलेली असेल, तर मंदगती इंजिनवर व्होल्टेज खाली येते. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात इंजिनची गती उतरली की दिवे फिकट पडण्यामागे हेच कारण असू शकते.

दहा मिनिटांची चाचणी

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी साध्या मल्टिमीटरने मोजमाप करणे शहाणपणाचे ठरते. इंजिन सुरू ठेवून, डिपर लावून पुढील तीन नोंदी घ्याव्यात.

१. बॅटरीच्या दोन टोकांमधील व्होल्टेज. १२ व्होल्टच्या वाहनात ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावे. त्याहून बरेच कमी असल्यास आधी आल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि बॅटरी तपासावी.

२. बल्ब जोडलेला असतानाच, होल्डरच्या मागील बाजूने बल्बला प्रत्यक्ष मिळणारे व्होल्टेज. बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टपर्यंतची तूट चालण्याजोगी. एक व्होल्ट वा अधिक तूट म्हणजे वायरिंग सदोष.

३. बल्बची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज. येथे ०.२ व्होल्टहून अधिक दिसल्यास अर्थिंग सुधारावे.

बल्ब काढून घेतलेली नोंद फसवी असते. प्रवाहच वाहत नसल्याने खराब तारही तेव्हा पूर्ण व्होल्टेज दाखवते. बसच्या मोठ्या चासीवर बांधलेल्या मोटरहोममध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते. तेथे बॅटरीवरील नोंद साधारण २८ व्होल्टच्या आसपास असावी आणि बल्बही २४ व्होल्टचेच हवेत.

रिलेचा उपाय

तूट आढळल्यास सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे रिले. यात दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीपासून थेट, जाड आणि आखूड तारेने दिव्यांकडे नेला जातो. डॅशबोर्डचा स्विच केवळ रिलेला इशारा देतो आणि त्या कामासाठी अँपिअरचा अल्पसा अंश पुरतो. जुन्या स्विचवरील ताणही त्यामुळे कमी होतो.

प्रचलित चार पिनांच्या रिलेवर क्रमांक छापलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी तार, ८७ क्रमांकाहून दिव्यांकडे जाणारी तार, तर ८५ आणि ८६ या दोन पिनांपैकी एकीला मूळ स्विचची तार आणि दुसरीला अर्थिंग जोडले जाते. अप्परसाठी एक आणि डिपरसाठी एक असे दोन रिले लागतात. तार किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. अशा दोन मीटर तारेत दहा अँपिअर प्रवाहासाठी जेमतेम ०.१४ व्होल्ट खर्च होतो. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवावा, अन्यथा तार घासून शॉर्ट झाल्यास आग लागण्याचा धोका असतो. डाव्या आणि उजव्या दिव्याला स्वतंत्र फ्यूज दिल्यास एक उडाला तरी दुसरा दिवा सुरू राहतो. घाटात हा फरक जिवाचा ठरू शकतो.

हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेणे इष्ट. काही वाहनांत स्विच धन बाजूऐवजी अर्थिंगच्या बाजूने जोडलेला असतो, तर अलीकडच्या वाहनांत दिव्यांचे नियंत्रण संगणकीय यंत्रणेकडे असते. अशा वाहनांत तारा तोडल्यास वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. वॉरंटीतील वाहन अधिकृत सेवा केंद्राकडेच न्यावे.

काच धुरकट, प्रकाश अडकलेला

व्होल्टेज योग्य असूनही प्रकाश कमी असेल तर दिव्याचे आवरण पाहावे. पूर्वीच्या वाहनांत खरी काच असे. आता तेथे पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक असते. त्यावरील संरक्षक थर उन्हातील अतिनील किरणांनी नष्ट झाला की आवरण पिवळे आणि धुरकट पडते. वर्षातील बराच काळ उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटरहोममध्ये हे लवकर घडते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत अशा पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्याच्या तुलनेत साधारण एक पंचमांश प्रकाशच बाहेर पडत असल्याचे आढळले होते.

ओल्या पॉलिश पेपरने, जाड दाण्याकडून बारीक दाण्याकडे जात, आवरण घासून पॉलिश करता येते. मात्र त्यावर अतिनील किरणरोधक लेप दिला नाही, तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. टूथपेस्टचा प्रचलित उपाय तात्पुरताच असतो. आवरणाच्या आत असलेल्या परावर्तकावरील चकचकीत थर अतिशय पातळ असतो. फडक्याने पुसल्यास तो निघून जातो. तो काळवंडला असेल किंवा आत पाणी शिरले असेल, तर पूर्ण दिवा बदलणे हाच मार्ग उरतो.

झोत कुठे पडतो?

मोटरहोममध्ये पाण्याची टाकी, सामान आणि प्रवासी यांचा बराच भार मागच्या बाजूला असतो. त्यामुळे मागील पाटे दबतात, नाक वर उचलले जाते आणि झोत रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. चालकाला रस्ता अंधारा वाटतो आणि इतरांना मात्र हेच दिवे प्रखर वाटतात. म्हणून दिव्यांचा कोन रिकाम्या वाहनावर नव्हे, तर टाकी भरून, सामान ठेवून आणि टायरमध्ये योग्य हवा भरून तपासावा.

सपाट जागेवर, भिंतीपासून दहा मीटर अंतरावर वाहन सरळ उभे करावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी. अनेक वाहनांवर दिव्याजवळ १ टक्का किंवा तत्सम आकडा छापलेला असतो. एक टक्का याचा अर्थ दहा मीटरवर डिपरच्या झोताची वरची कड खुणेपेक्षा दहा सेंटिमीटर खाली असावी. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने असल्याने ही कड डावीकडे किंचित वर चढलेली दिसते. पदपथ आणि कडेचे पादचारी त्यामुळे दिसतात. उजव्या बाजूने वाहतूक असणाऱ्या देशांतून आलेले दिवे नेमके उलट काम करतात आणि समोरच्याला दिपवतात. डॅशबोर्डवर झोत खाली-वर करण्याची कळ असल्यास भारानुसार तिचा उपयोग करावा.

जास्त वॅटचा मोह

बाजारात १००/९० वॅटचे बल्ब सहज मिळतात. मुळातच अपुऱ्या असलेल्या तारेतून दीडपट प्रवाह गेल्याने व्होल्टेजची तूट वाढते, होल्डर वितळतो आणि परावर्तकाचा थर भाजून निघतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी वा एचआयडी संच बसवण्याची पद्धतही बोकाळली आहे. हॅलोजन दिव्याचा परावर्तक बारीक तंतूच्या ठराविक जागेनुसार घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम वेगळ्या आकाराचा असेल तर झोत विस्कटतो. वाहनापुढचा जवळचा रस्ता लख्ख उजळतो, पण लांबचे दिसत नाही आणि समोरचा चालक क्षणभर आंधळा होतो. जर्मनीत २०२० पासून ठराविक मॉडेल्ससाठी चाचणी करून मोजक्या एलईडी बल्बना परवानगी मिळाली, ती याच कारणामुळे वाहननिहाय आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार समोरच्या दिव्यांचा झोत इतरांना दिपवणार नाही अशा रीतीने खाली वळलेला असणे बंधनकारक आहे. देशात मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे. वाहन बांधून घेताना त्यानुसार मान्यता असल्याची खातरजमा करावी.

डोळे आणि समोरची काच

सर्व दोष वाहनाचेच नसतात. वयाच्या साठीत दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीतील व्यक्तीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतो. मोतीबिंदूची सुरुवात असल्यास समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. निवृत्तीनंतर मोटरहोमने देश पाहण्याचा बेत आखणाऱ्यांनी नेत्रतपासणी टाळू नये. 'नाइट ड्रायव्हिंग'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांचा पादचारी ओळखण्यास उपयोग होत नसल्याचे २०१९ मध्ये 'जामा ऑप्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. समोरची मोठी काच आतून पुसणे, वायपरचे रबर बदलणे आणि मागील कक्षातील दिवे बंद ठेवणे हे बिनखर्ची उपाय त्याहून गुणकारी आहेत.

आधी काय, नंतर काय

दुरुस्तीचा क्रम खर्चाच्या चढत्या क्रमाने ठेवावा. प्रथम काच व आवरण स्वच्छ करावे, मग भारासहित झोताचा कोन लावावा. त्यानंतर व्होल्टेज मोजावे आणि अर्थिंग व जोड दुरुस्त करावेत. तरीही तूट राहिल्यास रिले बसवावेत. बल्ब शेवटी आणि जोडीनेच, मूळ वॅटचेच बदलावेत. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणामुळे तेथे काच अधिक तापते आणि बल्ब लवकर जातो. रिले बसवल्यानंतर पुन्हा एकदा मल्टिमीटरची नोंद घ्यावी. व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढले तरी बल्बचे आयुष्य झपाट्याने घटते.

दिवे सुधारले म्हणून वेग वाढवणे मात्र योग्य नव्हे. दिसणाऱ्या अंतरात वाहन थांबवता येईल, एवढाच वेग रात्री सुरक्षित. ताशी ५० किलोमीटरला थांबण्याचे एकूण अंतर ४० मीटरच्या आसपास येते आणि डिपरचा झोत तेवढे दाखवू शकतो. धुक्याच्या घाटात तेही शक्य नसेल, तर मोटरहोमची खरी सोय उपयोगी पडते. सुरक्षित जागा पाहून तेथेच मुक्काम करता येतो.