काठी, टोपी आणि निशाण

मंद्रूप हें गांव सोलापूरच्या दक्षिणेस, विजापूरच्या वाटेवर आहे. या भागांतील मेंढपाळाची काठी ही त्याच्या पोटापाण्याची वस्तु. परंतु मनाईहुकूम जारी असतां तीच काठी घेऊन तो मोर्चांत शिरला, तर आरोपी ठरूं शकतो. सभा-मिरवणुकींत कोणती वस्तु न्यावी आणि कोणती नेऊं नये, हें ठरविणारी याद पूर्वी कशी होती आणि आज कशी आहे, तें आज आपण पाहूं.

श्रोतेहो, या विषयाचा सर्वांत कडू अनुभव सोलापुरास 1930 मध्यें आला. मे महिन्याच्या आरंभीं गांधीजींस अटक झाली आणि शहर पेटलें. 8 मे रोजीं गोळीबार झाला. हातीं निशाण घेतलेला शंकर शिवदारे हा तरुण त्यांत पडला. जमावानेंहि पोलीस चौकी आणि न्यायकचेरी जाळली, पोलीसांचे प्राण घेतले. हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. 12 मेपासून 30 जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. त्या अमलांत दगड-काठ्यांची धास्ती अधिकाऱ्यांस वाटली असती, तर नवल नव्हतें. पण रोष वळला तो गांधी टोपीवर आणि तिरंगी निशाणावर! टोपीनें कोणाचें डोकें फुटत नाहीं. नगरपालिकेच्या इमारतीवर त्याच वर्षीं फडकलेलें निशाणहि असह्य झालें. पुढें 12 जानेवारी 1931 रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांस येरवड्यास फांशी देण्यांत आलें.

स्वराज्यांत ही याद नव्यानें लिहिली गेली, पण निराळी झाली काय? 1951 चा मुंबई पोलीस कायदा आज महाराष्ट्राच्या नांवानें चालतो. त्याच्या 37 व्या कलमांत प्रथम तलवारी, भाले, सोटे, लाठ्या, दाहक व स्फोटक पदार्थ आणि दगड येतात. येथवर तक्रार नाहीं. मात्र त्यांच्याच ओळीला घोषणा, गाणीं, वाद्यें, पुतळे येऊन बसतात. आणि अधिकाऱ्याच्या मतें सभ्यतेस वा राज्याच्या सुरक्षिततेस बाधक अशीं चित्रें, चिन्हें व फलकहि येतात. इजा करणारी वस्तु आणि कांहीं सांगणारी वस्तु यांना एका दावणीस बांधल्यामुळेंच 1930 चा घोटाळा झाला होता. माझ्या मतें दुरुस्ती करावयाची ती प्रथम येथें: पहिल्या जातीच्या वस्तूंस पोलीसांचा अंदाज पुरे, दुसऱ्या जातीसाठीं लेखी कारणें द्यावयास लावलीं पाहिजेत.

सभा व मिरवणुकी यांवरील बंदी राज्यसरकारच्या मंजुरीवांचून पंधरा दिवसांहून अधिक टिकत नाहीं, ही कायद्यांतील सोय चांगली. व्यवहारांत मात्र दर पंधरवड्यास हुकूम नवा काढण्याची वहिवाट पडली आहे, आणि अपवादाचा नेम झाला आहे. शिवाय सोलापूर शहराचा हुकूम पोलीस आयुक्त काढतात, तर मंद्रूप ग्रामीण हद्दींत असल्यानें तेथें जिल्हाधिकाऱ्यांचा चालतो. मोर्चास निघालेला शेतकरी वाटेंत एक हद्द ओलांडतो. हातांत तीच वस्तु, नियम दुसरा. अशा हुकुमांत अशक्तपणामुळें काठी लागणाऱ्यांस बहुधा सूट असते. मेंढपाळाचें नांव त्या सुटींत घालावयास एक ओळ पुरेल, आणि ती ओळ दवंडी पिटून चावडीवर लावावयास एक सकाळ.